खोडलेला सतरावा प्रश्न

१

सतरावा प्रश्न परीक्षेत नव्हताच. बाईंनी तो स्वतः लिहिला होता आणि स्वतःच खोडला होता. शुक्रवारी संध्याकाळी लिहिला, रविवारी सकाळी आकडे नीट जुळेनात म्हणून काढून टाकला. त्याला आता तीन आठवडे होत आले होते. कोणाला दाखवला नाही, कागदावर छापला नाही. आणि आज, शुक्रवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, परीक्षा मंडळाचे निरीक्षक फोनवर तोच प्रश्न शब्दाला शब्द वाचून दाखवत होते. चार किलोचं बाळ, सलाईनची बाटली, मिनिटाला किती थेंब.

परिचारिकांच्या महाविद्यालयात औषधांचा विषय शिकवण्यात बाईंची बावीस वर्षं गेली होती. शेवटच्या वर्षाचा पेपर काढायचा मान यंदा पहिल्यांदा मिळाला होता, आणि परीक्षा सोमवारी होती.

निरीक्षकांनी आवाज न चढवता सगळं सांगितलं. काल मुलींच्या वसतिगृहात एका गादीखाली अख्खा पेपर सापडला. त्यात हा सतरावा प्रश्न होता. मंडळाकडे मोहोरबंद आलेल्या प्रतीत मात्र तो नव्हता, म्हणजे पेपर मंडळातूनही फुटला नाही आणि छापखान्यातूनही नाही.

"तो तुमच्या घरातून गेलाय," ते म्हणाले. "कसा गेला ते पाचपर्यंत मला कळवा. नाही कळवता आलं, तर पोलिसांकडे तुमचं नाव द्यावं लागेल. माझ्या हातात दुसरं काही नाही."

पेपर ज्यावर लिहिला त्या घरच्या कॉम्प्युटरच्या खोलीपाशी बाई तशाच उठून गेल्या. कुलूप जागच्या जागी होतं. किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती, दुसरी सासऱ्यांच्या जानव्याला नव्हे, पण तितक्याच इमानाने कमरेच्या करगोट्याला बांधलेली. खिडकीच्या गजांवरची धूळही हललेली नव्हती. मग त्यांनी मावशीला फोन लावला.

२

मावशी म्हणजे बाईंच्या आईची धाकटी बहीण. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र तेल घातल्यासारखी. आयुष्यभर तिने एका मोठ्या इस्पितळात एकच काम केलं. एखाद्या वॉर्डात रोग पसरला की तो कुठून आला, कोणाच्या हाताने आला, ते हुडकून काढायचं. डॉक्टरसुद्धा तिला बिचकून असत. कॉम्प्युटरमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते ती छाती काढून सांगायची.

येताना बाईंच्या सांगण्यावरून तिने महाविद्यालयातल्या कॉम्प्युटरच्या सरांनाही रिक्षात घालून आणलं. सर खोलीत शिरले आणि दारातच थबकले. भिंतीवरच्या पानावर सुवाच्य अक्षरात बारा नियम लिहिलेले होते. अनोळखी पेनड्राइव्ह लावू नये. पासवर्ड दर महिन्याला बदलावा. चपला बाहेर. हा शेवटचा नियम कशासाठी, असं सरांनी विचारलं, तेव्हा सासऱ्यांनी शांतपणे सांगितलं की धूळही शत्रूच असते.

सासऱ्यांना सगळी बिल्डिंग नाना म्हणायची. औषधांच्या गोदामात चौतीस वर्षं काढलेला माणूस, एक बाटली कधी इकडची तिकडे झाली नाही. सुनेला पेपर काढायचं काम मिळालं त्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरला येणारी इंटरनेटची वायर कात्रीने कापली. नुसती उपटली नाही, कापली. बाईंचा नवरा सहा महिन्यांच्या कामासाठी परगावी होता, त्याला हे फोनवर कळलं तेव्हा तो दोन मिनिटं हसत होता. पण नानांचं म्हणणं सरळ होतं. वायरच नाही, तर व्हायरस येणार कुठून?

फक्त एक अडचण राहिली. अँटिव्हायरसला नव्या नव्या व्हायरसांची ताजी यादी लागते आणि ती इंटरनेटवरून येते. नानांनी त्यावरही तोड काढली होती. दर शनिवारी दहाला ते आपला एक ठरलेला पेनड्राइव्ह स्वच्छ रुमालात बांधून कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात जात, तिथून ताजी यादी भरून आणत आणि पावणेबाराच्या सुमाराला घरच्या मशीनला पाजत. मग वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडेही तोच डोस देऊन येत. येताना बागेत जरा पाय मोकळे करतो, असं ते सांगत. गेल्या शनिवारी तेवढे पावणेअकरालाच परतले होते, तेव्हा बाग बंद होती का, म्हणून बाईंनी त्यांची चेष्टाही केली होती.

सरांनी तासभर मशीन तपासलं. मग खुर्ची मागे सरकवली आणि चष्मा पुसत बसले. मशीनमध्ये एक लपलेला प्रोग्रॅम होता, तीन महिन्यांपासून. कोणत्याही अँटिव्हायरसच्या यादीत नसलेला, कोणीतरी मुद्दाम बनवलेला किंवा बनवून घेतलेला. त्याचं काम एकच. कुठलाही पेनड्राइव्ह लागला की मशीनवरच्या सगळ्या फायली त्याच्यावर एका अदृश्य कप्प्यात गुपचूप उतरवायच्या.

नाना भिंतीला टेकले. बारा नियमांच्या पानावर त्यांचं डोकं लागलं, तरी त्यांना कळलं नाही.

३

संशय घ्यायला माणसं हवीत, तशी ती होतीच.

खालच्या मजल्यावरची शेजारीण पहिली. तिची भाची याच परीक्षेला बसणार होती, आणि शेजारीण दिवसातून दोनदा साखर, नाहीतर गप्पा मागायला वर यायची. मावशी तिच्याकडे गेली तेव्हा शेजारणीने आधी कानांवर हात ठेवले आणि मग तोंडाचा पट्टा सोडला. आपल्या भाचीला चोरून पास व्हायची गरज नाही. नाना तर स्वतःच्या दाराला कडीच्या आत कडी लावतात, तिथे कोण शिरणार? आपल्या घरचा कॉम्प्युटर बघा म्हणावं, मुलं त्यावर दिवसभर फुकटचे खेळ उतरवून घेतात, कसली भीती नाही नि कसलं काही नाही. मावशीने हे सगळं अगदी मन लावून ऐकून घेतलं.

दुसरा कोपऱ्यावरचा दुकानदार. यादी त्याच्याकडूनच यायची, तेव्हा रोगही तिथूनच आला असेल, हे कोणालाही सुचलं असतं. नानांना तर ते लगेच पटलं. बाईंनाही पटलं, कारण पटवून घ्यायची घाई झाली होती. दुपारचे बारा वाजून गेले होते.

तिसऱ्याचं नाव मावशीने काढलं आणि बाईंना राग आला. तो त्यांचा धाकटा दीर. परिचारिकांच्या परीक्षेची शिकवणी घेणारा, तीन गल्ल्या पलीकडे स्वतःचा क्लास असलेला. पेपर काढायचं ठरलं तेव्हा बाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं होतं, की परीक्षा होईपर्यंत तुम्ही या घरात पाऊल टाकायचं नाही, लोक उद्या नाही ते बोलतील. बिचाऱ्याने हूं की चूं केलं नाही. चार महिने तो आला नव्हता. आपण या घरात आलो तेव्हा हा शाळेत होता, त्याच्या वह्यांना कव्हरं आपण घातली, आणि आपल्या शब्दाखातर हा बापाच्या घराला पारखा झाला, याची बाईंना मनातून टोचणी होती. हे त्यांनी मावशीला जरा जोरातच सांगितलं.

"बरं बाई, नाही आला," मावशी म्हणाली. "मग मला आधी एवढं सांग, चोरी झाली कधी?"

प्रश्न शुक्रवारी संध्याकाळी जन्मला, रविवारी सकाळी मेला. चोराकडच्या पेपरात तो जिवंत होता. म्हणजे फाईल त्या दोन तारखांच्या मध्येच उचलली गेली. त्या वेळात खोलीचं कुलूप बाईंखेरीज एकदाच उघडलं होतं. शनिवारी पावणेबाराला, नानांनी, डोस द्यायला.

बाईंनी नानांकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. पण नानांनी ते पाहिलं होतं.

४

मावशीने नानांना एका शब्दानेही काही विचारलं नाही. तिने सरांना उलटं काम सांगितलं. आजारी मशीन तर मिळालं, आता आजारी नसलेली शोधा. खाली जा, वर जा, समोरच्या घरी जा.

सर दोन वाजता परतले. खालच्या शेजारणीच्या मशीनवर चार जातींचा कचरा होता, पण हा प्रोग्रॅम नव्हता. वरच्या डॉक्टरांचं मशीन चकचकीत, आणि त्यावर हा होता. समोरच्या घरचे लोकही त्याच दुकानातून दर शनिवारी यादी आणत, मात्र स्वतःच्या पेनड्राइव्हवर. त्यांचं मशीन स्वच्छ होतं.

मावशीने चहाचा कप खाली ठेवला आणि इस्पितळातली एक हकीकत सांगितली. नवजात बाळांच्या वॉर्डात एकदा ताप पसरला. जिथे सगळ्यात जास्त हात धुतले जात, तिथेच बाळं जास्त आजारी. पंधरा दिवस सगळे एकमेकांच्या नखांकडे बघत बसले. शेवटी मावशीने हात धुवायच्या साबणाची बाटली तपासायला पाठवली. बाटली कधी रिकामी करून धुतलीच जात नव्हती, संपत आली की वरून भरायची. जंतू तिच्यात वाढत होते. ज्याने सगळे स्वच्छ होत होते, तेच घाण होतं, आणि ते कोणी तपासलं नव्हतं, कारण ते स्वच्छ करायचं म्हणूनच ठेवलेलं होतं.

"इथेही तेच. बेफिकीर घर ठणठणीत, आणि काळजी घेणारी दोन घरं आजारी," ती म्हणाली. "नळ दुकानदाराचा. त्या नळाचं पाणी समोरचेही पितात, ते बरे आहेत. कीड आपल्याच हंड्यात आहे."

हंडा म्हणजे रुमालात बांधलेला तो पेनड्राइव्ह. नानांनी तो कपाटातून आणला. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण त्यांनी स्वतः घातलं होतं. ते म्हणाले की दुकानदाराने आपल्याच ड्राइव्हमध्ये मुद्दाम काहीतरी घातलं असेल, सून पेपर काढते हे त्याला ठाऊक होतं. हे बोलणं काही अगदीच चूक नव्हतं.

म्हणून मावशी कुरकुरत्या गुडघ्यांनी कोपऱ्यापर्यंत गेली. दुकानदार नाकासमोर चालणारा वाटला, पण तसे तर सगळेच वाटतात. त्याने सांगितलं की नाना काउंटरला टेकून उभे असतात, त्यांच्या डोळ्यांदेखत तो एक फाईल भरतो, त्यापलीकडे त्यांच्या ड्राइव्हला हात लावायची त्याची छाती नाही. आणि नाना फार तर साडेदहाला बाहेर पडतात.

दुकानापासून घर दहा मिनिटांवर होतं.

५

परत आल्यावर मावशीने नानांना विचारलं की साडेदहा ते पावणेबारा तुम्ही कुठे असता. नाना म्हणाले, बागेत. ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

मावशीने त्यांना तिथेच सोडलं आणि सरांना ड्राइव्हचा तो अदृश्य कप्पा उघडायला लावला. घड्याळात सव्वातीन झाले होते. बाई सरांच्या पाठीमागे उभ्या होत्या.

कप्प्यात वरच्या डॉक्टरांच्या फायलींशेजारी बाईंच्याही फायली होत्या. पण सगळ्या नव्हत्या. दोन गठ्ठे होते, तारखांसकट. एक गेल्या शनिवारचा, एक त्याच्या आदल्या शनिवारचा. दोन्हींत पेपर होता, सतराव्या प्रश्नाशिवाय. तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या शनिवारचा गठ्ठा, ज्यात सतरावा प्रश्न असायला हवा होता, तो नव्हता. त्याच्या आधीचेही नव्हते.

"जंतू आपला खिसा आपणच रिकामा करत नाही," मावशी म्हणाली. "आदल्या शनिवारी इथे भरलेला खिसा कोणीतरी दर शनिवारी रिकामा करून घेत होतं. गेल्या शनिवारी मात्र केला नाही, म्हणून दोन गठ्ठे साचले. म्हणून चोराकडे जुना पेपर आहे, नवा नाही."

सर मान डोलवत होते. मावशीने बोटांवर मोजल्यासारखं सावकाश पुढे सांगितलं. गेल्या शनिवारी ड्राइव्ह दुकानात गेला होता. ताजी यादी आली होती, त्याची नोंदही मशीनवर होती. तरी खिसा भरलेलाच राहिला. म्हणजे खिसा रिकामा करणारा दुकानदार नव्हे. जो कोणी होता, त्याच्याकडे ड्राइव्ह एरवी दर शनिवारी जायचा आणि गेल्या शनिवारी गेला नाही.

बाईंना ते आत्ता आठवलं. पावणेअकरा. बाग बंद होती का?

त्यांनी वळून पाहिलं. नाना दारात उभे होते, किती वेळ कोणास ठाऊक.

"क्लासला कुलूप होतं," नाना म्हणाले. "तो गावाला गेला होता."

मग सगळं बाहेर आलं. चार महिने मुलगा घरी येत नव्हता. त्याने इथे यायचं नाही असा नियम होता, आपण तिथे जायचं नाही असा नव्हता, आणि नाना नियमांचे पक्के. दर शनिवारी ते तासभर त्याच्या क्लासच्या मागच्या खोलीत बसत, चहा घेत, काही फार बोलत नसत. सुनेला वाईट वाटेल म्हणून त्यांनी बागेचं नाव सांगितलं. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी त्यांनी दुकानदाराबद्दल शंका काढली. परक्या माणसाने भरलेली वस्तू तशीच घरात कशी लावायची? मुलगा म्हणाला, द्या नाना, मी तपासून देतो. तेव्हापासून तो आतल्या लॅपटॉपवर ती तपासून देई.

तपासून दिलेला ड्राइव्ह नाना रुमालात बांधून घरी आणत आणि सुनेच्या मशीनला लावत. परक्यावर विश्वास ठेवायचा नाही, एवढ्यासाठी त्यांनी हे केलं होतं.

बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. राग कोणाचा करायचा तेच त्यांना कळेना. वह्यांना कव्हरं घालून घ्यायला तळहाताने कागद दाबून धरणारा तो मुलगा त्यांना दिसत होता, आणि त्याच वेळी चार किलोचं बाळही दिसत होतं, ज्याच्या सलाईनचे थेंब मोजायला उद्या कोणीतरी पाठ केलेलं उत्तर घेऊन उभी राहील.

६

चार वाजता नानांनी फोन मागितला. मुलाच्या लॅपटॉपलाही बाहेरूनच लागण झाली असेल, त्यालाही ठाऊक नसेल, असं ते म्हणत होते. मावशीने त्यांना अडवलं नाही. फक्त स्पीकर लावा म्हणाली.

नानांनी मुलाला खुशाली विचारली नाही. ते म्हणाले, "पेनड्राइव्हमधून तू काय काढून घेत होतास?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नाना," तो म्हणाला, "वहिनीला कळलंय का?"

नानांनी फोन बंद केला. मुलगा परत परत फोन करत होता, ते नुसते स्क्रीनकडे बघत राहिले. मग त्यांनी बाईंना सांगितलं की तुझ्या साहेबांना माझं नाव कळव. म्हाताऱ्याने हलगर्जी केली, कुठलातरी घाणेरडा पेनड्राइव्ह लावला, फाईल कशी गेली ते त्यालाही माहीत नाही. म्हणजे तू सुटशील, आणि पोरही वाचेल. त्याच्या क्लासचा निकाल दोन वर्षं पडला होता, मुली सोडून जात होत्या, त्यात त्याची बुद्धी फिरली. तो मुळात तसा नाही.

बाईंना हे हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. यात खोटं तर फारसं नव्हतंच, नुसतं शेवटचं एक वाक्य गिळायचं होतं. मावशी खिडकीबाहेर बघत होती, तिने आपलं काम संपवलं होतं.

"नाना, हा पेपर आता रद्दच होईल," बाई म्हणाल्या. "पण पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाच्या घरातला पेपर असेल. आणि या मुली उद्या वॉर्डात उभ्या राहणार आहेत. मी गप्प बसले तर बावीस वर्षं मी काय शिकवलं?"

एवढं बोलल्या खऱ्या, पण पाच वाजता फोन वाजला तेव्हा त्यांना तो उचलवेना. दिराचं नाव घ्यायचं होतं. दोनदा रिंग वाजली, तीनदा वाजली.

नानांनी हात पुढे करून फोन उचलला. पाठ ताठ करून, गोदामात हिशेब तपासायला साहेब आल्यावर उभे राहत तसे ते उभे राहिले. निरीक्षकांना त्यांनी आधी आपण कोण ते सांगितलं. मग दुकान, ड्राइव्ह, क्लासची मागची खोली, सगळं क्रमाने सांगितलं, काही वगळलं नाही. पलीकडून निरीक्षकांनी विचारलं असावं की हे तुम्ही सुनेला वाचवायला तर सांगत नाही ना.

"नाही साहेब," नाना म्हणाले. "तिला वाचवायला परका चोरही चालला असता. लिहून घ्या. माझा धाकटा मुलगा."